गाथा आणि टाळकुटे

इंग्रजी अमदानीत शिकून पुढे आलेल्या मराठी वर्गाने ज्या गुणांना आपली ओळख मानले, त्यांत परमतसहिष्णुता हा एक महत्त्वाचा गुण होता. आपल्याला न पटणारे मतही दुसऱ्याला बाळगू द्यावे, त्यासाठी त्याचा छळ करू नये आणि त्याच्या म्हणण्याचा विचार मोकळ्या मनाने करावा, असा त्याचा आशय असून, मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांच्या वाचनावर वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांनी तो मनापासून स्वीकारला होता. याच वर्गाच्या बोलण्यात ‘टाळकुटे’ हाही एक शब्द होता. टाळ वाजवला जातो. कुटले जातात ते पोहे, मिरची किंवा चुना. वाजवण्याच्या जागी कुटणे घातले, की सूर, ठेका आणि गाणे एकदम नाहीसे होऊन केवळ श्रमाचा आवाज उरतो, आणि तो करणाऱ्याच्या डोक्यात काही चालले असेल ही शक्यताही त्याबरोबर निकालात निघते. ‘बुवा’ हा आदराचा प्रत्यय ‘बुवाबाजी’त शिवीसारखा झाला, आणि ‘भोळा भाव’ ही संतवाङ्मयातली गौरवाची खूण सुशिक्षितांच्या भाषेत ‘भोळसट’ आणि ‘धर्मभोळा’ अशी उतरत गेली. एकाच वर्गाच्या तोंडी परमतसहिष्णुता आणि टाळकुटे हे दोन शब्द शंभर वर्षांहून अधिक काळ शेजारी शेजारी कसे नांदले, हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातला थोडासा दुर्लक्षित प्रश्न आहे.

टाळकुटे म्हणून ज्यांची संभावना झाली ते मुख्यतः वारकरी, म्हणजे ठरलेल्या तिथीला पंढरपूरला जाण्याचा नेम घेतलेले विठ्ठलाचे उपासक. वारी म्हणजे फेरी, आणि ती न चुकवणारा तो वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपवास, मद्यमांसाचा त्याग, रोजचा हरिपाठ आणि आषाढी किंवा कार्तिकीची वारी एवढा त्याचा आचार असून, दीक्षेचा खटाटोप, कर्मकांडाचा खर्च किंवा संसार सोडण्याची अट त्यात नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरपूरला नेण्याची प्रथा सुरू केली. सातारा भागातल्या आरफळ गावचे आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले हैबतबाबा यांनी १८३० नंतरच्या काळात आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीची स्वतंत्र व्यवस्था लावली, आणि अंकलीच्या शितोळे सरदारांनी तिला घोडे आणि तंबू पुरवले. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर अडीच-तीन आठवड्यांत पायी तुटते.

हैबतबाबांच्या व्यवस्थेवर लष्करी छावणीची छाप उघड दिसते. दिंडी हे तिचे मूळ एकक होय. पुढे भगव्या पताका, त्यामागे टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये पखवाज, वीणा जमिनीवर न टेकवता चालणारा विणेकरी, आणि मागे डोक्यावर तुळशीवृंदावन व पाण्याची घागर घेतलेल्या स्त्रिया असा तिचा क्रम असतो. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. काहींचे स्थान रथापुढे, काहींचे रथामागे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही. कोणत्या प्रहरी कोणते अभंग म्हणायचे याचाही क्रम लागलेला आहे. मुक्कामाच्या जागा, निघण्याची वेळ, विसाव्याचे ठिकाण, नैवेद्याचा मान हे सगळे ठरलेले असून, हजारो माणसांचा हा समुदाय सरकारी बंदोबस्त फारसा नसतानाही शिस्तीने चालत आला. एवढी बारकाईची घडी ज्यांनी बसवली त्यांना विचारशक्ती नसलेला जमाव समजणे हे केवळ दुरून पाहणाऱ्यालाच शक्य होते, आणि सुशिक्षित वर्गाने बराच काळ वारी दुरूनच पाहिली.

सुधारकांच्या मनातली अढी एकाएकी उगवली नव्हती, आणि तिला कारणेही होती. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकातल्या शतपत्रांतून भटांची मक्तेदारी, अर्थ न समजता केलेले पाठांतर आणि रूढींची गुलामी यांवर जे कोरडे ओढले, ते ज्या समाजावर ओढले तो समाज खरोखरच क्रूर होता. विधवेच्या लग्नाला पाठिंबा देणाऱ्याला ग्रामण्य, म्हणजे जातीने टाकलेला सामाजिक बहिष्कार, सोसावे लागे. आगरकरांची तर ते जिवंत असताना पुण्यात प्रेतयात्रा काढण्यात आली. धर्माच्या नावाने असे वागणारे लोक रोज डोळ्यांपुढे असताना धर्मनिष्ठ माणसाविषयी संशय वाटणे अस्वाभाविक म्हणता येत नाही. परंतु ग्रामण्य घालणारे होते ते शास्त्री, पंडित, जातीचे पुढारी आणि शंकराचार्यांच्या पीठाचे अधिकारी. पेरण्या उरकून पंढरीच्या वाटेला लागलेला कुणबी, माळी, धनगर किंवा शिंपी यांचा त्या निवाड्यांशी काही संबंध नव्हता. सुधारकांनी या दोघांना ‘जुने’ या एकाच सदरात टाकले, आणि ज्यांनी आपल्याला छळले त्यांच्याविषयीचा राग, ज्यांनी आपले काहीही बिघडवले नव्हते त्यांच्याकडेही वळू दिला.

या गल्लतीला जातीचा जुना आधार होता. प्राकृतात देवाचे गाणे गाणाऱ्या शूद्राविषयीची तुच्छता सुधारणेच्या युगापूर्वीपासून चालत आलेली होती, आणि वाघोलीच्या रामेश्वरभटांनी तुकोबांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्याची परंपरागत कथा तिचीच साक्ष देते. त्या काळी आक्षेप असा होता की गाणाऱ्याला अधिकार नाही. एकोणिसाव्या शतकात तोच आक्षेप नव्या कारणासह आला: गाणाऱ्याला विवेक नाही. अधिकार नाकारणारा शास्त्री आणि विवेक नाकारणारा पदवीधर यांची मते सर्वच बाबतींत विरुद्ध असली, तरी दोघांची घरे बहुधा एकाच आळीत असत, आणि टाळ वाजवीत जाणाऱ्या माणसाकडे पाहण्याची माडीही एकच होती. पदवीधर आपली दृष्टी नवी समजत असल्यामुळे तिची तपासणी करण्याची गरज त्याला वाटली नाही, हे मात्र शास्त्र्यापेक्षा वेगळे.

या दृष्टीतील विसंगती तुकारामगाथेच्या पहिल्या मोठ्या चिकित्सक आवृत्तीच्या निमित्ताने स्पष्ट होते. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या पुढाकाराने सरकारने या कामासाठी चोवीस हजार रुपये मंजूर केले, ही रक्कम त्या काळाच्या मानाने डोळे दिपवणारी होती. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित या दोघांनी सिद्ध केलेली ही आवृत्ती १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडली. विष्णुशास्त्री हे विधवाविवाहाच्या चळवळीचे अग्रणी होते आणि त्यापायी त्यांनी बहिष्काराचा ताप सोसला होता. शंकर पांडुरंग हे संस्कृतचे नामांकित पंडित होते. कवीचा मूळ पाठ शोधण्यासाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते मिळवण्यात आली.

ही गावे कोणती हे नीट पाहिले पाहिजे. देहू हे तुकोबांच्या वंशजांचे गाव. तळेगावची परंपरा संताजी तेली जगनाडे यांच्या घराण्याशी आणि कडूसची परंपरा गंगारामपंत मवाळ यांच्याशी जोडलेली आहे, आणि संप्रदायाच्या आठवणीनुसार हे दोघेही तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी होते. टाळकरी म्हणजे कीर्तनकाराच्या मागे उभा राहून टाळाच्या ठेक्यावर ध्रुपद धरणारा साथीदार. तुकोबांचे शब्द उतरवून घेणारे, ते कापडात बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवणारे आणि दोनशे वर्षे वाळवीपासून जपणारे लोक याच परंपरेतले होते. विद्वानांच्या हाती जी गाथा आली ती त्यांच्या हातून आली, आणि गाथेला मिळालेला मान त्या हातांपर्यंत पोहोचला नाही. सरकारने छापलेला ग्रंथ राष्ट्रीय ठेवा ठरला. तो जपणारी परंपरा मात्र शिकलेल्यांच्या बोलण्यात टाळ कुटणाऱ्यांचीच राहिली.

गाथा घ्यायची आणि टाळकरी सोडायचा, ही निवड प्रार्थना समाजाच्या इतिहासात अधिक सौम्य, अधिक सुसंस्कृत आणि म्हणून अधिक बोलक्या रूपात दिसते. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाने एकेश्वरी उपासना स्वीकारली आणि मूर्तिपूजा, अवतारकल्पना व ग्रंथप्रामाण्य नाकारले. बंगालच्या ब्राह्मो समाजापासून त्याने प्रेरणा घेतली, तरी उपासनेची भाषा मात्र तुकोबांची ठेवली, आणि ही त्याची मोठीच दूरदृष्टी होती, कारण त्यामुळे तो महाराष्ट्राच्या मातीशी बांधलेला राहिला. पण ज्या विठ्ठलाला उद्देशून ते अभंग रचले गेले तो विटेवरचा विठ्ठल निराकार परमेश्वराचे केवळ काव्यमय नाव मानला गेला, आणि त्याच्या पायांवर डोके ठेवण्यासाठी अडीचशे किलोमीटर चालणारा माणूस या उपासनेत कुठेच बसेना. समाजाच्या संस्थापकांत आत्माराम पांडुरंग होते आणि त्याआधीच्या परमहंस मंडळीत त्यांचे बंधू दादोबा पांडुरंग होते. मूर्ती नाकारणाऱ्या या दोन्ही मंडळ्यांच्या सभासदयादीत वडिलांच्या नावाच्या जागी पंढरीचा देव उभा होता, याची त्या मंडळींना गंमत वाटली असेल काय, हे सांगता येत नाही.

प्रार्थना समाजातल्या सगळ्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. न्यायमूर्ती रानडे पहाटे उठून तुकोबांचे अभंग म्हणत आणि त्यांत देहभान हरपत, हे रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून सर्वांना ठाऊक आहे. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथात त्यांनी संतांच्या चळवळीला स्वतंत्र प्रकरण दिले, आणि शिवकालीन राज्यस्थापनेमागे तिचे सामाजिक बळ होते असे प्रतिपादले. मात्र त्या प्रतिपादनासाठी त्यांना युरोपातल्या धर्मसुधारणेची, म्हणजे सोळाव्या शतकात पोपच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या प्रॉटेस्टंट चळवळीची, उपमा घ्यावी लागली. संत थोर होते कारण ते ल्यूथरसारखे होते, असे सांगितल्यावरच ते इंग्रजी शिकलेल्या वाचकाला पटण्यासारखे होते. विठ्ठल रामजी शिंदे यांची गोष्ट वेगळी. जमखंडीच्या वारकरी संस्कार असलेल्या घरातून आलेल्या आणि ऑक्सफर्डला धर्मांचा तौलनिक अभ्यास करून परतलेल्या या समाजप्रचारकाला भागवत धर्म हा आतून माहीत होता, आणि त्याविषयी लिहिताना त्यांना कोणत्याही परकीय उपमेचा टेकू लागला नाही.

इतिहाससंशोधक राजवाडे या मालिकेत बसत नाहीत, कारण त्यांनी सहिष्णुतेचा दावाच केला नाही. तरीही त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. रामदासांच्या महाराष्ट्रधर्माचा अर्थ लावताना त्यांनी सहिष्णू हिंदुधर्म आणि जयिष्णू, म्हणजे जिंकण्याची आकांक्षा बाळगणारा, हिंदुधर्म असा भेद केला, आणि पंढरीच्या संतांना पहिल्या सदरात टाकून त्यांच्या निवृत्तिपर शिकवणीने समाजाचे कर्तृत्व खचले असा ठपका ठेवला. उदारमतवादी ज्यांना असहिष्णू रूढीचे वाहक समजत होते त्यांच्यावर राजवाड्यांचा आरोप अति-सहिष्णुतेचा होता. दोन्ही आरोप एकाच वेळी खरे असणे कठीण आहे. याच राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची जुनी पोथी संपादून छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले; मराठी भाषाशास्त्राचा पाया घालणाऱ्या कामांत त्याची गणना होते. ग्रंथ अनमोल, पण तो रोज पारायणात वाचणारे लोक निरुपयोगी, अशी विभागणी येथेही आहेच.

दरम्यान पंढरीच्या यात्रेभोवती आणखी एक भीती गोळा झाली होती, ती पटकीची. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत पटकीचा प्रसार यात्रांमधून होतो या मुद्द्यावर भर दिला गेला, आणि मक्केच्या हाजींप्रमाणे हिंदुस्थानातले यात्रेकरूही जगाच्या आरोग्याला धोका ठरले. भीती निराधार नव्हती. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखांची गर्दी, तेच पाणी पिण्याला आणि तेच धुण्याला, अशा स्थितीत साथ भडकली की माणसे वाटेवर मरून पडत. परंतु आरोग्यखात्याच्या कागदपत्रांत गर्दी, पाणी आणि सांडपाणी यांची चर्चा जिथे थांबते तिथून पुष्कळदा यात्रेकरूच्या स्वभावाची चर्चा सुरू होते: तो मळका, अडाणी, सांगून न ऐकणारा. हे वर्णन देशी सुशिक्षितांनी जवळजवळ न तपासता उचलले. शुद्ध पाण्याची सोय करणे हे नगरपालिकेचे आणि सरकारचे काम होते, याचा विसर पडून रोगाचे मूळ भक्तीत शोधले जाऊ लागले. गंमत अशी की त्याच काळात आगगाडीच्या तिकिटांना यात्रेकरू हवेच होते. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळमार्ग १९०६ साली पंढरपूरला पोहोचला तो काही वाचनालयाच्या सभासदांसाठी नव्हे.

वारकऱ्यांवर झालेली प्रत्येक टीका पूर्वग्रहातून आली असे म्हणणे हाही एक आंधळेपणा ठरेल. महात्मा फुले यांनी अभंगाच्या धर्तीवर ‘अखंड’ रचले, पण संतांच्या वाङ्मयातली जी बाजू वर्णव्यवस्थेला मुकाट संमती देते तिला त्यांनी सोडले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांच्या ओळी घेतल्या, आणि पुढे जातिनिर्मूलनाविषयीच्या लेखनात स्पष्ट बजावले की संतांनी देवापुढची समता शिकवली, माणसामाणसांतली नाही. या आक्षेपाला उत्तर देणे संप्रदायाला सोपे नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर आहे, आणि शतकानुशतके अस्पृश्य वारकऱ्याचा प्रवास तिथेच संपत असे. अखेर साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केल्यावर मंदिराचे दार उघडले. दिंड्यांमध्येही जातवार पंगती होत्या. फुले आणि आंबेडकर यांची टीका कठोर असली तरी ती वारकऱ्याला काहीतरी समजते असे गृहीत धरते, आणि जे समजते त्याचा जाब त्याला विचारते. टाळकुटे म्हणणारा जाब विचारत नाही. विचारण्यासारखे समोर कोणी आहे असे त्याला वाटतच नाही. फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एका घराचे चित्र येते, ज्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असून सगळे एकत्र प्रेमाने राहतात, मराठीत लिहिल्या गेलेल्या सहिष्णुतेच्या कल्पनांमध्ये ही अजून तरी सर्वांत धाडसी आहे, कारण तिच्यात कोणाचीही श्रद्धा काव्यमय अर्थ लावून सौम्य केलेली नाही.

सुशिक्षितांची वारीकडे पाहण्याची जागा बदलली ती विसाव्या शतकाच्या मध्यास, आणि ती बदलली पायांनी. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पालखीबरोबर चालल्या, आणि १९४९ सालच्या ‘परिपूर्ती’ या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी तो अनुभव नोंदवला. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांना वाटेत सुचलेली व्याख्या तेव्हापासून वारंवार सांगितली जाते. त्याच लेखात ब्राह्मण आणि मराठा स्त्रियांच्या निरनिराळ्या पंगतींमुळे आलेली अस्वस्थताही आहे, आणि त्या अस्वस्थतेमुळेच लेखातला जिव्हाळा खरा वाटतो. गं. बा. सरदारांनी १९५० साली ‘संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ लिहून डाव्या विचाराच्या वाचकांना संतांकडे पुन्हा पाहायला लावले. दि. बा. मोकाशी १९६१ मध्ये वारीबरोबर गेले, आणि तीन वर्षांनी ‘पालखी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले; त्यात भक्ताचा आव नाही आणि वरून पाहणाऱ्याची ऐटही नाही, दुखणाऱ्या टाचा आणि शंका यांच्यासह चालणारा एक लेखक तेवढा आहे. याच काळात शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि वारकरी कीर्तनकार अशा तिन्ही नात्यांनी वावरत होते. त्यांचे गुरू विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन करून कीर्तनकारांच्या पद्धतशीर अध्ययनाची सोय केली होती. वर्गात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ शिकवणारा आणि संध्याकाळी वीणा खांद्यावर घेणारा प्राचार्य हा टाळकुटे या शब्दाला मोठाच अडथळा होता, आणि तो ओलांडण्यासाठी बहुधा दांडेकरांना अपवाद म्हटले जाई.

अपवाद ठरवून मोकळे होण्याची ही युक्ती गाडगेबाबांच्या वाट्याला सर्वाधिक आली. बाबा पंढरीला जात. पण देवळात जाण्यापेक्षा वाळवंट झाडण्यात आणि रात्री कीर्तन करण्यात त्यांचा वेळ जाई. त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. देवळांवर कडाडून टीका करणाऱ्या प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. पुरोगामी महाराष्ट्राने त्यांना मनापासून आपले मानले, आणि मानताना खराटा तेवढा पुढे ठेवला. शालेय पुस्तकांत, भिंतीवरच्या चित्रांत, स्वच्छतेच्या मोहिमांत खराटाच आहे. हजारो माणसांना रात्रभर जागेवर बसवून ठेवणारे नामसंकीर्तन आणि गोपाळाचा गजर हा जणू खराटा लोकांपर्यंत नेण्याचा उपाय होता, असे समजले गेले. बाबांनी स्वतः कीर्तन आणि झाडू यांत अशी उतरंड लावली होती असे त्यांच्या आयुष्यावरून दिसत नाही. श्रद्धावान माणूस उपयोगी पडला, तर त्याची श्रद्धा सोयीस्करपणे वगळायची आणि उपयोग जमेस धरायचा, हे प्रार्थना समाजाने अभंगांच्या बाबतीत केले तेच पुढच्या काळाने एका जिवंत माणसाच्या बाबतीत केले.

अशा दीर्घ व्यवहाराचे पडसाद कायद्यापर्यंत पोहोचले. जादूटोणाविरोधी विधेयक महाराष्ट्रात अनेक वर्षे रखडले, आणि त्या काळात वारकरी संघटनांनी त्याला जो विरोध केला त्याच्या मुळाशी आपल्या वारीवर आणि कीर्तनावर उद्या बंदी येईल ही भीती होती. विधेयकाचे पुरस्कर्ते तसे नसल्याचे परोपरीने सांगत होते, आणि त्यांचे सांगणे खरे होते. विरोधाला राजकीय हवाही पुष्कळ मिळाली. तरीही ज्यांना शतकभर अंधश्रद्धेच्या सदरात घातले गेले त्यांनी त्या शब्दाच्या व्याख्येकडे संशयाने पाहिले, तर त्यात नवल नाही. विधेयकाचे प्रमुख पुरस्कर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या निर्घृण हत्येनंतर २०१३ साली कायदा झाला तेव्हा यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असे सांगणारे स्वतंत्र कलम त्यात होते. भजन करणे हा गुन्हा नाही, हे एका लोकशाही राज्याला कायद्यात लिहून द्यावे लागले.

पालखीच्या मुक्कामावर मात्र या वादांचा फारसा मागमूस नसतो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आजही अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि तिथे आरती होते; त्याला कोणी सहिष्णुता म्हणत नाही, तो वाटेचा क्रम आहे. आळंदीच्या पालखीत संध्याकाळी तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, आणि चोपदार आपला दंड उंच धरतो तेव्हा सारा तळ क्षणात शांत होतो. त्या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर त्याचा अर्थ असा की तिचे काही गाऱ्हाणे आहे: जागेवरून तंटा झाला आहे, मान डावलला गेला आहे, कोणावर अन्याय झाला आहे. चोपदार त्या दिंडीकडे जातो, ऐकून घेतो आणि जागच्या जागी निवाडा करतो. तोवर त्या दिंडीतले टाळकरी टाळ खाली ठेवत नाहीत.